गेडी चिखलासाठी असते

मौजा बोडीटोला, ता. मूल
६ ऑक्टोबर २०२४

चि. भूपेश,

वर आशीर्वाद लिहिला आहे असं समज. लिहायला घेतला होता, पण तू तो घेशील की नाही याची खात्री वाटेना, म्हणून हात आखडता घेतला.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा हे पत्र. काल संध्याकाळी पोलीस पाटील गुणवंतराव अंगणात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "घनश्यामभाऊ, भूपेशनं लच्छूच्या नावानं ठाण्यात तक्रार देली. साहेब म्हणते, आजोबाचं बयान पायजे. वीस तारखेच्या आत जाऊन सही करून या." चाळीस वर्षांचा शेजार, पण माझ्याकडे न बघता खाटेच्या पायाकडे बघून बोलत होते. बापाला निरोप धाडायला तुला पोलीस पाटीलच सापडला.

तक्रारीत काय लिहिलं आहे तेही त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या आधीच्या शनिवारी आपला अश्विन बांबूच्या उंच गेडीवरून पडला आणि त्याच्या उजव्या कोपराचं हाड मोडलं. लच्छूने हाडजोडीच्या पाल्याचा लेप लावून बांबूच्या कमट्या आवळून बांधल्या. लेकरू रडत असताना त्या सोडायला नकार दिला, आठ दिवस हात लावू नका म्हणाला. त्यामुळे रक्त अडलं आणि बोटं वाकडी झाली. हे सगळं मीच तुला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तू त्याला घेऊन गाडीत बसताना सांगितलं होतं, तेव्हा आता सही करायला मला काय अडचण, असं तुला वाटत असणार.

बरं, मग माझंही ऐक. मी नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडलो. लच्छूच्या बापाने याच कमट्या बांधल्या, हाच पाला लावला. एकवीस दिवसांत हात मोकळा झाला, आणि त्याच हाताने मी आजवर तलावात जाळं फेकतो आहे. आपल्या गावात हाड मोडलं की माणूस लच्छूच्या दारात जातो, हे तुला माहीत नव्हतं काय? तुझं मनगट निखळलं तेव्हा कोणी बसवलं होतं? तू भद्रावतीच्या कॉलनीत राहायला गेलास म्हणून तो एकदम बोगस डॉक्टर झाला. आता त्याचंही वय झालं, हात थोडा कमी-जास्त होतो, ते मी नाकारत नाही.

आणि एक सांगतो. मागच्या दिवाळीत मी तुमच्याकडे चार दिवस होतो. एका खोलीत तू, एका खोलीत डिंपल, एका खोलीत अश्विन, आणि तिघांच्या हातात तीन मोबाईल. त्याला तुम्ही घरी असणं म्हणता. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो होतो. या पोळ्याला डिंपलच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि तू अश्विनला आठ दिवसांसाठी इथे सोडलंस, तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल तर त्याचा मोबाईल काढून ठेवला. दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांमागे धावायला लागला. त्याच्या शहरी "मला-तुला" बोलण्यावर पोरं हसायची, तो त्यांच्यावर हसायचा. रात्री तुझ्या आईच्या कुशीत पडल्या पडल्या झोपायचा. पडायच्या आधीच्या त्या चार दिवसांचं नाव कोणी काढत नाही. एकदा पडला तेवढंच सगळ्यांना दिसतं.

सही करायला मी जाईन. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि उठून जाते.

तुझा बाप
घनश्याम


बोडीटोला
२३ ऑक्टोबर २०२४

भूपेश,

वीस तारीख गेली. मी ठाण्यात गेलो नाही. मला ताप आहे म्हणून गुणवंतरावांना सांगितलं. ताप नव्हता.

डिंपल दुपारी तुझ्या आईला फोन करते. हे तुला माहीत नसेल तर आता कळलं, पण तिच्यावर रागावू नकोस. तिने सांगितलं की नागपूरच्या डॉक्टरांनी हात पाहिला, डिसेंबरात ऑपरेशन करू म्हणाले, बोटं किती उघडतील ते आज सांगता येत नाही म्हणाले. अश्विन डाव्या हाताने लिहितो आणि त्याच्या अक्षरावर वर्गातली पोरं हसतात. फोन ठेवून तुझी आई चुलीपुढे बसली. भात करपला तरी उठली नाही.

मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. काही गोष्टी मात्र लिहिल्या नाहीत.

तुला सांगायला नको, जिवतीच्या अमावस्येला आपल्याकडे पोरं गेड्या करतात. बांबूच्या दोन उंच काठ्या, त्यांना पाय ठेवायला खुंटे, आणि मग महिनाभर गावभर उंच उंच चालायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या शिवेबाहेर नेऊन मोडायच्या. मी आणि लच्छू पोरं होतो तेव्हा गल्लीत गुडघाभर चिखल असायचा. पडलं तर चिखलात पडायचं, लोक हसायचे, आई तलावावर नेऊन धुऊन काढायची. अश्विनला मांडीशी घेऊन मी बांबू तासायला बसलो तेव्हा मला तीच गल्ली दिसत होती. आता आपल्या दारापासून तलावापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. ग्रामसभेत हात वर करून मीच तो मागितला होता. रोज त्यावरून चालतो, आणि गेडी हातात आली तेव्हा तो मला दिसला नाही. गेडी चिखलासाठी असते. एवढी साधी गोष्ट चौसष्ट वर्षांच्या माणसाला कळू नये?

दुसरं. खुंटे आधी वीतभर उंचीवर होते. त्यावर तो छान चालायचा. शनिवारी दुपारी मी ते काढून हातभर वर बांधले. तो म्हणाला, "आबा, इतकं वर नको ना. मला भीती वाटते." मी म्हटलं, "अरे, तुह्या वयात मी चिंचेच्या शेंड्यावर बसत होतो." ओट्यावर चार माणसं बसली होती. कॉलनीतल्या पोराला काय जमते, असं त्यातला एक जण बोलला होता. ते मला लागलं. पाच पावलं चालला. सहाव्याला पडला. तो आवाज मी तुला लिहून सांगत नाही.

तू म्हणशील, बाबाला खेळाचा एवढा पुळका आला कुठून? बरोबर आहे. तू लहान असताना मी तुझ्यासोबत एक दिवस खेळलो असेन तर मला आठवत नाही. तू आठ वर्षांचा होतास, स्वतः हिरवे बांबू आणून गेडी केली होतीस. माझ्या जाळ्याच्या काठ्या मोडल्या होत्या. तू शाळेतून येईपर्यंत तुझी गेडी सोडून मी ते बांबू जाळ्याला लावले. तू आलास, बघितलंस. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत तलावावर येऊन मासे निवडायला लागलास. लोक म्हणायचे, घनश्यामचा पोरगा मोठा समजदार. माझी छाती फुगायची. तू समजदार झालास कारण मी तुला पोर राहू दिलं नाही, हे मला तुझा पोरगा अंगणात खेळताना बघून कळलं. फार उशीर केला.

तिसरं. त्या शनिवारी सात वाजता तुझा फोन आला होता. मी सांगितलं, "खेळून खेळून थकला, झोपला." तो माझ्या शेजारीच बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. तुझा आवाज ऐकून त्याने मान वर केली. मी ओठावर बोट ठेवून त्याला गप्प राहा म्हणून खुणावलं. तो गप्प राहिला.

तुला उगाच घोर नको म्हणून मी तसं बोललो.

घनश्याम


बोडीटोला
८ नोव्हेंबर २०२४

भूपेश,

दिवाळी झाली. दारात दिवा लावला, बाकी काही केलं नाही.

परवा नीलाबाई शेळी घेऊन लच्छूच्या दारात आली. शेळीचा पुढचा पाय मोडला होता. मी समोरच्या ओट्यावर होतो. लच्छूने शेळीकडे बघितलंही नाही. "दवाखान्यात ने, बाई."

"शेळीले कोण दवाखान्यात नेते, लच्छूभाऊ? दोन काड्या बांधून द्या ना."

"माह्या हातानं आता शेळी बी नाई." असं बोलून आत गेला आणि दार ओढून घेतलं. आजवर त्या घराचं दार दिवसा लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याला दोनदा ठाण्यात बोलावलं, दोन्ही वेळा दिवसभर बाकावर बसून आला. पोरं त्याला बघून "बोगस, बोगस" म्हणतात. ती पोरं शिकवलेली नाहीत, घरात ऐकतात ते बोलतात.

मी मागच्या दाराने त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "लच्छू, तू ठाण्यात माहं नाव काऊन नाई घेतलं?"

तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "साहेबानं इचारलं, कमट्या कोणं बांधल्या? मी म्हटलं, मी बांधल्या. पहिल्याच दिवशी दवाखान्यात धाडाले पायजे होतं, ते माहं चुकलं. मंग इचारलं, सोडल्या काऊन नाई? त्याचं उत्तर माह्याजवळ नाई. ते तुह्याजवळ हाय. तुले द्याचं असन तवा दे." तंबाखू मला पुढे केली. मी घेतली नाही, घेण्यासारखं तोंड नव्हतं.

आता जे लिहितो ते नीट वाच. लच्छूने सोडायला नकार दिला नव्हता. तो मी दिला.

रविवारी सकाळी तो न बोलावता घरी आला. अश्विनची बोटं दाबून पाहिली. बोटं थंड होती आणि नखं निळी पडायला लागली होती. लच्छूचा चेहराच उतरला. म्हणाला, "घनश्याम, हे माह्या हाताच्या बाहेरचं हाय. मी आत्ताच सोडतो. तू गाडी कर, चंद्रपूरले ने." त्याने पहिली गाठ सोडायला घेतली, तसं लेकरू किंचाळलं, आणि मी लच्छूचा हात धरला. "राहू दे, हाड सरकन. गाडी सांगितलीच हाय, नेऊनच राह्यलो. तिकडं डॉक्टर सोडतीन." गाडी सांगितली नव्हती. लच्छू माझ्या शब्दावर विसंबून आपल्या धानाच्या बांधीवर निघून गेला. मी नेलं असंच तो मंगळवारपर्यंत समजत होता.

तुझी आई मागे लागली होती. "अजी, लेकराचे बोटं तं पाहा. आईसंग बोलाचं म्हणून रडून राह्यला, देऊन टाका ना त्याचा मोबाईल." मोबाईल मी ढोलीत धानाखाली पुरून ठेवला होता. चार्जिंग नाही म्हणालो. माझ्या फोनवरून लावून द्या म्हणाली, तर नेटवर्क नाही म्हणालो. तू दुपारी फोन केलास तेव्हा मी तलावाच्या पाळीवर जाऊन बोललो, म्हणजे रडणं तुला ऐकू जाऊ नये. "बाहेर पोरायसंग खेळून राह्यला," असं सांगितलं.

घोर नको म्हणून मी हे केलं नाही. तेही मागच्या पत्रातलं खोटंच.

तुला कळलं असतं तर तू तासाभरात निघाला असतास आणि त्याला घेऊन गेला असतास. सोमवारी पोळा होता, मंगळवारी पोरांचा तान्हा पोळा. त्याच्यासाठी मी सागवानाचा नंदी कोरला होता, महिना लागला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा नातू सणाला घरात होता. मला ते दोन दिवस पाहिजे होते. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, पण नाही सापडलं. मोडलेलं हाड लच्छूच्या बापाने माझं बसवलं तसं याचंही बसेल, बोटांचं काय, चोळली की गरम होतील, असं स्वतःला सांगत राहिलो. गरम तेल लावून चोळत राहिलो. तो "आबा, आता बोटं दुखत नाहीत, कळतच नाहीत," असं म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं. ऐकलंस का? मला बरं वाटलं.

तान्ह्या पोळ्यात त्याला नवा सदरा चढवला, एक बाही तशीच लोंबत. डाव्या हातात नंदीची दोरी दिली. मी फोटो काढायला लावला. त्या फोटोत सगळी पोरं हसतात, तो हसत नाही. दुपारी तू आलास, त्याचा हात पाहिलास आणि मला विचारलंस, "बाबा, हे कधीचं?" मी लच्छूचं नाव सांगितलं, कारण तो तिथे नव्हता. सोबत गेड्या करून गावभर फिरलेला माणूस, आणि मी त्याला असा पुढे केला.

तुझी आई इतके दिवस हे तुला बोलली नाही, कारण मी तिला तुझी शपथ घातली होती. आज सकाळी तिने माझी काठी आणि चप्पल दारात आणून ठेवली. "सोमवारी ठाण्यात तुमी जाता का मी जाऊ?" एवढंच विचारलं.

मी जाणार आहे. हे पत्र तुला त्याच्या आधी मिळणार नाही. मिळू नये असंच मला वाटतं, नाहीतर तुझ्या भीतीने बोललो असं होईल.

घनश्याम


बोडीटोला
१२ नोव्हेंबर २०२४

भूपेश,

काल बयान दिलं. तिकडे एक पोरगी आहे लिहून घ्यायला, अश्विनच्या आईच्या वयाची. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. रविवारच्या गोष्टीपाशी तिने लिहिणं थांबवून विचारलं, "आजोबा, हे असंच लिहू?" मी म्हटलं, असंच लिही. तिने मला वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार वाईट वाटतं. सही केली.

साहेब म्हणाले, तक्रार कोणाच्या नावाने ठेवायची ते आता तुमच्या मुलाने सांगावं. तू सांगशील ते मला मान्य आहे, हे मी तिथेच बोलून आलो.

परत येताना लच्छूच्या घरी गेलो. त्याच्या पायाला हात लावला. तो माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान आहे, पटकन पाय ओढून घेतला. "येडा झाला का बे," म्हणाला. मग दोघेही ओट्यावर बसलो. मी उठताना तो म्हणाला, "पोराचा हात कसा हाय?" गेल्या दोन महिन्यांत हे मला विचारणारा तो पहिलाच माणूस. मी सांगितलं. तो रडला. मला रडू आलं नाही, मी नुसता बघत राहिलो.

हे वाचून तू मला तोंड दाखवू नका म्हणशील. आधीच म्हणाला होतास, तेव्हा नवीन काही नाही. फक्त अश्विनला सांग की लच्छूआबा वाईट नाही. माझं काय सांगायचं ते तू ठरव.

घनश्याम


भद्रावती
१९ जानेवारी २०२५

भूपेश,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या घरात, तुझ्याच टेबलापाशी बसून लिहितो आहे आणि जाताना टीव्हीखाली ठेवून जाणार आहे. आज तिसरा रविवार. मी यायच्या आत तू घरातून निघतोस आणि मी गेल्यावर येतोस. कॉलनीच्या फाटकापाशी आज तुझी मोटारसायकल माझ्या बाजूने गेली. तू मान वळवली नाहीस. तब्येत उतरली आहे तुझी.

मला बोलावलं ते डिंपलने, तुला विचारून बोलावलं की न विचारता ते मला माहीत नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम दिला आहे, दिवसातून चार वेळा. दुखतं म्हणून तो तुमच्यापाशी करत नाही, ओरडतो, दार लावून घेतो. डिंपलने तुझ्या आईला फोन केला, "मामंजीले पाठवा, ते पाहतीन तं पाहतीन." मी येईन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. एसटीत बसल्यावर दोनदा उतरावंसं वाटलं.

पहिल्या रविवारी तो माझ्याजवळ आला नाही. दाराच्या आडून बघत होता. मी चिंचोके आणले होते, फरशीवर पसरले आणि एकटाच एक एक उचलत बसलो. तासाभराने आला. दोन बोटांत चिंचोका धरायचा, वाटीत टाकायचा. त्या दिवशी सात टाकले आणि रडला. दुसऱ्या रविवारी एकोणीस. मग त्यानेच मला त्याच्या मोबाईलवरचा एक खेळ शिकवला. अंगठ्याने गाडी पळवायची असते. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, हेही चांगलं आहे, अंगठा चालतो. तेव्हा मी मोबाईल दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरून बसतो आणि तो गाडी पळवतो. माझी पाळी आली की माझी गाडी दर वेळी खड्ड्यात जाते. तो खो खो हसतो. आज तीन बोटं जवळजवळ सरळ झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही झालं. डॉक्टर म्हणतात ती दोन होणार नाहीत. हे तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, मलाही ठाऊक आहे हे तुला कळावं म्हणून.

लच्छूचं नाव तू तक्रारीतून काढलंस, ते गुणवंतरावांनी सांगितलं. माझं घालायचं की नाही ते अजून ठरवलं नाहीस म्हणे. मी त्याबद्दल काही बोलणार नाही.

पण आज जे झालं ते तुला सांगितलं पाहिजे. चिंचोके उचलता उचलता तो एकदम म्हणाला, "आबा, पप्पांचा फोन आला होता तेव्हा तुम्ही खोटं का बोललात? मी तर जागाच होतो."

डिंपल स्वयंपाकघरात होती. तिथला नळ बंद झाला. तीही ऐकत होती.

मी ठाण्यात सांगितलं, तुला लिहिलं, लच्छूपुढे बोललो, पण त्या आठ वर्षांच्या पोराला सांगायचं राहिलंच होतं. शेवटी म्हटलं, "तुले पप्पा घेऊन गेले असते. पोळ्याले तू माह्यापाशी राह्यला नसता. म्हणून बोललो. लय वाईट केलं मी."

त्याने हातातला चिंचोका वाटीत टाकला. मग म्हणाला, "मला विचारायचं ना. मी पप्पांना सांगितलं असतं, प्लास्टर झालं की मला परत आबांकडे सोडा म्हणून."

असं म्हणून पुढचा चिंचोका उचलायला लागला. रागावलेला नव्हता. त्याला ती साधी गोष्ट वाटत होती, मला आधी का सुचली नाही याचंच त्याला नवल.

मी उठून गॅलरीत गेलो. तिथे मला रडू आलं, नोव्हेंबरात आलं नव्हतं ते सगळं आलं. खाली तुमच्या कॉलनीतली पोरं सायकली चालवत होती. तो राहिला असता रे. चार दिवस प्लास्टर घालून माझ्या ओट्यावर बसून राहिला असता, त्याने सांगितलं असतं, आणि तू ऐकलंही असतंस कदाचित. त्याला माझ्याजवळ राहायचंच होतं. मी त्याला धरून ठेवायला गेलो आणि त्याचा हात मोडून बसलो.

घरातल्या लेकराला काही विचारायचं असतं, हे मला माझ्या बापाने शिकवलं नाही आणि मी तुला कधी विचारलं नाही. तुला तलावावर यायचं आहे का, तुला खेळायचं आहे का, तुला माझा राग येतो का. तुझी ती सगळी वर्षं मी माझ्याच मनाने ठरवली. या तीन रविवारीही तुझ्या घरात तुझ्या मागे येऊन बसलो, डिंपलने बोलावलं एवढ्यावर.

म्हणून आज पहिल्यांदा तुला विचारतो. भूपेश, पुढच्या रविवारी मी येऊ का? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही, आणि घेतलं तरी तुला कळू देणार नाही. होय म्हणायचं असेल तर डिंपलला सांग. दोन्हींपैकी काहीही कळेपर्यंत मी एसटीत बसणार नाही.

तुझा बाबा